म्यानात अडकलेली तलवार

गेल्या खंडेनवमीला गावच्या घरातली जुनी तलवार पूजेसाठी काढायला गेलो तर ती म्यानातून बाहेरच येईना. बाबा मूठ धरून ओढतायत, मी म्यान घट्ट धरलंय, आई ओरडतेय हात कापेल म्हणून, आणि तलवार बोटभर सरकून परत ठप्प. आईचं बरोबर होतं बरं का, कारण जुन्या म्यानाची शिवण कुजलेली असते आणि धारेच्या बाजूने म्यान मुठीत आवळून धरलं तर पातं शिवणीतून थेट बोटांत, म्हणून धरायचं नेहमी पाठीच्या बाजूने.

अडकली का? तर गंज. लोखंड गंजलं की फुगतं, गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, आणि म्यान तर पात्याच्या मापाचंच असतं. आम्ही दरवर्षी ओलं हळदकुंकू लावून पातं तसंच आत सरकवायचो, म्हणजे ओल आतच कोंडली.

म्यान चामड्याचं असेल तर वर वेगळा ताप. बाभळीच्या वगैरे सालीत कमावलेल्या कातड्यात टॅनिन असतं, ते आम्लधर्मी, ओल मिळाली की लोखंडाशी संयोग होऊन निळसर काळा डाग पडतो. जुनी काळी शाई याच रसायनाची! लाकूडही सगळं चालत नाही, ओकसारख्या लाकडातून ॲसिटिक ॲसिडची वाफ निघत राहते आणि ती बंद जागेत लोखंड खाते.

जपानी लोकांनी यावर भारी डोकं लावलंय. त्यांचं म्यान हो-नोकी नावाच्या मॅग्नोलियाच्या मऊ लाकडाचं, त्यात राळ कमी. पात्याच्या बुडाशी तांब्याची पट्टी बसवलेली असते, तीच म्यानाच्या तोंडात घट्ट बसते, त्यामुळे पात्याच्या बाजू आत जवळपास अधांतरी. आणि दोन फाळ्या चिकटवायच्या भाताच्या खळीने, म्हणजे आत घाण झाली की म्यान उकलून साफ करता येतं.

मग सरळ लोखंडी म्यान का नको? ब्रिटिश घोडदळाकडे तीच होती. स्टीलवर स्टील घासणार, घोडा पळताना तलवार आत खडखडणार, धार राहणार कशी? ब्रिटिश घोडदळातल्याच कॅप्टन नोलानने (१८५४ मध्ये क्रिमियन युद्धात बालाक्लाव्हाच्या लढाईत मेला तो) आदल्या वर्षीच्या पुस्तकात लिहिलंय की निजामाच्या घोडेस्वारांच्या तलवारींनी भयंकर वार होत होते, आणि पाहिलं तर पाती इंग्रजांनीच टाकून दिलेली! फक्त नीट पाजवलेली, लाकडी म्यानात ठेवलेली, आणि लढाईशिवाय बाहेर न काढलेली.

आमच्या तलवारीच्या म्यानात तोंडाकडून मशीन ऑइल सोडलं, दोन दिवस उभी ठेवली, मग निघाली. मुठीजवळ चार बोटं काळं पडलंय, ते काही जाणार नाही. आता पातं तेल चोळून कपड्यात गुंडाळलेलं असतं आणि मखमली म्यान शेजारी रिकामंच टांगलंय.