एक रास्ना आमरीची, दुसरी झुडपाची

पंचवटीतल्या काष्ठौषधींच्या दुकानात आमवातासाठी रास्ना मागितली, तर पुडीत बहुधा सुकलेली पाने आणि बारीक काटक्या येतात. सुरगाणा किंवा पेठकडच्या एखाद्या जाणत्याला तीच रास्ना विचारली, तर तो जुन्या आंब्याच्या फांदीवरून लोंबणाऱ्या जाड, करड्या मुळ्यांकडे बोट दाखवील, हेही शक्य आहे. दोघांपैकी कोणीच फसवत नाही. रास्ना हे नाव देशाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वनस्पतींना चिकटलेले आहे आणि दक्षिणेत तर कुलिंजनाच्या कुळातील कंदही त्याच नावाने वापरतात. येथे मात्र विचार पहिल्या दोघींचाच करायचा आहे.

झुडपाची रास्ना म्हणजे प्लुचिया लॅन्सिओलाटा. ती सूर्यफुलाच्या कुळातील असून राजस्थान, उत्तर प्रदेश आणि पंजाबच्या रेताड जमिनीत वाढते. आयुर्वेदिक फार्माकोपियाने, म्हणजे औषधांच्या अधिकृत प्रमाणग्रंथाने, रास्ना म्हणून हिचीच नोंद केलेली आहे. आमरी म्हणजे ऑर्किड. आमरीची रास्ना म्हणजे व्हॅन्डा टेसेलाटा, जिच्या पिवळसर तपकिरी पाकळ्यांवर चौकटींची नक्षी असते. ‘व्हॅन्डा’ हे शास्त्रीय नावही संस्कृतातील ‘वन्दा’ या शब्दावरूनच घेतलेले आहे. झाडावर वाढते म्हणून अनेक जण तिला बांडगूळ समजतात, परंतु बांडगूळ यजमान झाडाच्या आत मुळे घालून रस ओढते, तर आमरी सालीला नुसती धरून राहते आणि पाऊस, दव व सालीवरचा कचरा यांवर जगते. तिच्यातील औषधी द्रव्ये आंब्याकडून आलेली नसतात, ती तिची स्वतःची असतात.

दोन्ही वनस्पतींच्या अर्काची रासायनिक तपासणी केली, तर सुरुवातीला गोंधळ वाढतोच. दोहोंत बीटा-सिटोस्टेरॉल हे मेदासारखे द्रव्य सापडते आणि त्यावरून ‘गुण एकच’ असे कोणी म्हणू लागतो. पण हा स्टेरॉल जवळजवळ प्रत्येक हिरव्या वनस्पतीत, अगदी रोजच्या शेंगदाण्यातही असतो, त्यामुळे त्याच्या असण्याने ओळख पटत नाही. प्लुचियातील क्वेर्सेटिन आणि आयसोऱ्हॅम्नेटिन या फ्लॅव्होनॉइड वर्गातील रंगद्रव्यांचेही तसेच आहे, कारण हीच जोडी लासलगावच्या बाजारात उतरणाऱ्या कांद्यातही असते. तपासणीत केवळ क्वेर्सेटिन सापडले म्हणून रास्ना खरी ठरवायची, तर उद्या कांद्याची सालही रास्ना ठरेल.

खरा फरक पुढे दिसतो. प्लुचियामध्ये टॅराक्सास्टेरॉल, मोरेटेनॉल आणि निओल्युपेनॉल ही ट्रायटर्पिन वर्गातील संयुगे आहेत. यांपैकी टॅराक्सास्टेरॉलचे नाव डँडेलियन या त्याच कुळातील रोपाच्या शास्त्रीय नावावरून पडले आहे, तर सूज कमी करण्याच्या गुणाच्या संदर्भात निओल्युपेनॉलचा अभ्यास झालेला आहे. व्हॅन्डाचा घाट निराळा आहे. तिच्यात टेसॅलाटिनसारखी फिनॅन्थ्रोपायरन संयुगे सापडली आहेत, ज्यांचा गाभा एकमेकांना जोडलेल्या तीन कार्बनी वलयांचा असतो. या फिनॅन्थ्रीन घराण्याची संयुगे डेन्ड्रोबियमसारख्या इतर अनेक आमरींतही मिळतात, इतकी की ती या कुळाची खूणच म्हणता येईल.

आमरी ही द्रव्ये का बनवते, याचा धागा बुरशीशी जाऊन मिळतो. आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते, त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतो आणि निसर्गात ते बुरशीच्या मदतीशिवाय रुजत नाही, हे फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी 1899 मध्ये दाखवले. मदतीला घेतलेली बुरशी डोईजड होऊ नये यासाठी आमरीला तिला आवर घालावा लागतो. युरोपातील ऑर्किस मिलिटॅरिस या आमरीच्या कंदात बुरशीचा शिरकाव झाल्यावर ऑर्किनॉल तयार होते, आणि तेही याच फिनॅन्थ्रीन घराण्यातले आहे. आपण ज्याला औषध म्हणतो, ते रोपाच्या दृष्टीने घरातल्या पाहुण्याला घातलेले कुंपण असते.

कल्पाचा, म्हणजे औषध तयार करण्याच्या पद्धतीचा, प्रकारही येथे महत्त्वाचा ठरतो, आणि याकडे सहसा दुर्लक्ष होते असे मला वाटते. महारास्नादि काढा पाण्यात होतो. पाण्यात फ्लॅव्होनॉइडांची साखर जोडलेली रूपे उतरतात, परंतु ट्रायटर्पिन फारसे विरघळत नाहीत. महानारायण तेलात मात्र ट्रायटर्पिनला उतरायला अनुकूल माध्यम मिळते. म्हणजे एकच प्लुचिया काढ्यात आणि तेलात सारखी द्रव्ये देत नाही, मग तिच्या जागी व्हॅन्डा घातली तर काढा तोच राहतो असे गृहीत कसे धरायचे?

पुडीतला माल ओळखायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. व्हॅन्डाचे मूळ आडवे कापले, तर मधल्या बारीक दोऱ्याभोवती व्हेलामेन नावाचे पांढुरके, स्पंजासारखे आवरण दिसते, जे हवेतील ओलावा शोषते. झुडपाच्या मुळात किंवा काटकीत ते नसते. पूड झालेली असेल, तर सूक्ष्मदर्शक किंवा टीएलसी (अर्कातील द्रव्ये पातळ थरावर वेगळी करून दाखवणारी चाचणी) लागेल.

प्लुचिया जमिनीखालच्या भागातून पुन्हा फुटते, इतकी की उत्तरेतले शेतकरी तिला तण मानतात. व्हॅन्डाच्या मुळ्या काढल्या, तर त्या रोपाचा आधार आणि पाणी दोन्ही जातात. शिवाय आमरींचे संपूर्ण कूळ सायटीस या वन्य जीव व वनस्पतींच्या व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असल्याने त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे.