पूर्वग्रह की पूर्वाग्रह? एका कान्याची पार्श्वभूमी

हल्ली मराठी बातम्यांत, सबटायटल्समध्ये 'पूर्वाग्रह' सर्रास दिसतो. आधीच्या मराठीत हा शब्द पूर्वग्रह असाच लिहायचे, 'पूर्वग्रहदूषित' तर तोंडात बसलेलं. पूर्वाग्रह हिंदीतून आलाय, आणि हिंदीत तो बरोबरच आहे, पूर्व अधिक आग्रह. त्यामुळे लोक म्हणतात दोन्ही संस्कृतच, एका कान्याने काय बिघडतं. माझ्या मते बरंच बिघडतं.

ग्रह म्हणजे धरणं. आकाशातले ग्रह माणसाला धरतात असं मानायचे, ग्रहणात राहू सूर्याला धरतो, आणि मनात एखादी समजूत धरून बसली की तोही ग्रह. 'कोणीतरी तुमचा तसा ग्रह करून दिलाय' हे वाक्य घराघरात ऐकलेलं. यात माणूस स्वतः काही ठरवत नाही, समजूत बाहेरून येते आणि बसते. लहानपणी कानावर पडतं 'त्यांच्याकडचं पाणी नको पिऊस', कारण कोणी सांगत नाही, आपणही विचारत नाही, आणि वीस वर्षांनी इंटरव्ह्यू घेताना समोरच्या कागदावरचं आडनाव वाचलं की तेच आतून हलतं. हा पूर्वग्रह.

आग्रह मात्र माणूस जाणूनबुजून धरतो. पंगतीत जिलबी घ्याच म्हणतात तो आग्रह, आणि सत्याग्रहातलाही तोच. 1927 चं महाड घ्या. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 लाच झालेला, महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केलेलं, पण ते कागदावरच. 20 मार्चला आंबेडकरांबरोबर दलित लोक चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, हा आग्रह. थोड्याच वेळात गावात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि तेवढ्यावर निघालेल्या, जेवणाऱ्या माणसांना मारहाण झाली, हा ग्रह. पुढे 108 घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही असं सगळं करून तळं 'शुद्ध' केलं, नगरपालिकेनेही ठराव मागे घेतला, याला मराठीत दुराग्रह हा नेमका शब्द आहे. तळ्याच्या वादात दलितांच्या बाजूने हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं. तीन वेगळ्या गोष्टींना तीन वेगळे शब्द आपल्याकडे असताना एक काना वाढवून ते एकमेकांत कालवायचे का? अढी, आकस, डूख हे शब्दही इथे चालत नाहीत, कारण अढी बसते ती काहीतरी घडल्यावर, आणि पूर्वग्रहाला काही घडावंच लागत नाही.

इंग्रजीतला प्रिज्युडिस लॅटिनमधून आला, अर्थ 'आधीचा निवाडा'. रोमन कायद्यात मूळ दाव्याआधी एखादा मुद्दा वेगळा तपासायचे, उदाहरणार्थ हा माणूस स्वतंत्र की गुलाम. पुढे त्या शब्दाला 'नुकसान' असाही अर्थ चिकटला, म्हणून वकिलाच्या पत्रावर आजही 'विदाउट प्रिज्युडिस' असतं आणि कायद्याच्या मराठीत तिथे 'बाध न आणता' लिहितात. तिथे कोणी पूर्वग्रह लिहिलं तर अर्थ पार बदलतो.

स्टिरिओटाइप हा छापखान्यातला शब्द, अख्ख्या पानाचा ओतीव ठसा. माणसांबद्दलच्या ठोकळेबाज समजुतीसाठी तो 1922 साली एका अमेरिकन पत्रकाराने रुळवला. आपला 'साचा' त्याला चपखल बसतो, तरी लोक स्टिरिओटाइपच म्हणतात.

आता सगळीकडे बायस. मुळात तिरकेपणा, मग इंग्लंडच्या बोल्सच्या खेळात एका अंगाला वळणाऱ्या चेंडूचा कल. एआयच्या बातम्यांत त्याचं भाषांतर 'पूर्वाग्रह' करतात आणि ते मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण मशीन आग्रह धरत नाही. जुन्या भरतीच्या नोंदींत एकाच प्रकारची माणसं निवडलेली असतील तर ते पुढेही तिकडेच झुकतं. त्याला मराठीत कल म्हणावं, झुकाव म्हणावं, आणि त्या नोंदी ज्यांनी केल्या त्यांच्यासाठी पूर्वग्रह राखून ठेवावा.