छाप, टिकिट आणि ट्रेडमार्क: मुंबईतली पार्श्वभूमी

ब्रँडच्या नावाची नोंदणी म्हटलं की हल्ली स्टार्टअपवाले आठवतात. मुंबईत ही निकड आधी भासली ती कापडवाल्यांना. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवच्या गिरणीचा पाया घातला. पुढे गिरण्या वाढत गेल्या, मँचेस्टरचा माल तर बंदरात उतरतच होता. मुळजी जेठा मार्केटच्या पेढ्यांवर तागे रचले की कोणता कुणाचा हे ओळखायचं कसं? तर त्यावर चिकटवलेल्या रंगीत टिकिटावरून. त्यावर देव असत, वाघ-हत्ती असत, राजेरजवाडे असत. लांबच्या खेड्यातल्या गिऱ्हाइकाला अक्षर वाचता येत नसे, पण ‘हत्ती छाप द्या’ एवढं सांगता येई. मग दुसऱ्याने थोडा वेगळा हत्ती छापला की धंदा पळाला!

कायदा याबाबत बराच काळ अर्धवटच होता. 1860 च्या दंडसंहितेत खोट्या व्यापारचिन्हाला शिक्षा होती. 1889 च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्याने तर गिरणीच्या कापडावर त्याची लांबी वारात छापायला लावली. चिन्हाची रीतसर सरकारी नोंदवही मात्र इथे नव्हती. मालकाने फार तर दस्तनोंदणीच्या रजिस्ट्रारकडे जाऊन ‘हे चिन्ह माझं’ असं प्रतिज्ञापत्र नोंदवावं आणि वेळ आली की कोर्टात साक्षीपुरावे उभे करावेत, एवढंच हातात होतं. इंग्लंडने नोंदणीचा कायदा 1875 मध्येच केला होता. आपल्याकडे तो आला 1940 मध्ये, म्हणजे तब्बल पासष्ट वर्षांनी. राज्यकर्ते तेच असताना हा उशीर का झाला असेल, याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा.

नोंदणी सुरू झाल्यावरच्या सुरुवातीच्या चिन्हांत विलेपार्ल्याच्या पार्ले कंपनीचं ग्लुको बिस्किटांचं चिन्ह आहे, डिसेंबर 1942 चं. पुढे वाद पेटला तो पुड्याच्या चित्रावरून. पार्लेच्या पुड्यावर गोठ्याच्या अंगणात पाण्याची बादली घेतलेली मुलगी, आजूबाजूला गाई-कोंबड्या. म्हैसूरच्या एका कंपनीच्या पुड्यावरही गाई-कोंबड्या आणि मुलगी, फक्त तिच्या डोक्यावर गवताचा भारा. खालच्या कोर्टांना यात फरक दिसला. सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये निकाल फिरवला: दोन पुडे शेजारी ठेवून फरक मोजायचे नाहीत, दुकानात गेलेल्या साध्या गिऱ्हाइकाची फसगत होईल का ते बघायचं. ताग्यावरच्या हत्तीचा प्रश्न नेमका हाच होता.

1958 च्या कायद्यातही कापडासाठी वेगळं प्रकरण राखलेलं होतं, इतका या धंद्याचा दबदबा. सध्याचा कायदा 1999 चा, लागू झाला 15 सप्टेंबर 2003 पासून. त्याने कापडाचं वेगळं प्रकरण काढून टाकलं आणि सेवांना दार उघडलं. तोवर हॉटेल किंवा कुरिअरसारख्या सेवेचं नाव सेवा म्हणून नोंदवताच येत नव्हतं. नोंदणीची मुदतही सात वर्षांवरून दहा झाली. 2017 मध्ये कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेसची इमारतच ट्रेडमार्क म्हणून नोंदली गेली.

ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं मुख्य कार्यालय मुंबईतच, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात. 2017 च्या नियमांनुसार एकटा व्यावसायिक, स्टार्टअप किंवा लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी (म्हणजे माल किंवा सेवेच्या एका प्रकारासाठी) 4,500 रुपये, इतरांना 9,000.

नोंद नसली तरी आधीपासून सलग नाव वापरणाऱ्याचा हक्क कायदा आजही मानतो. अडतं ते पुराव्यापाशी. लालबागचा एखादा मसालेवाला आजोबांचं नाव पाकिटावर छापत असेल, पण आजोबांच्या काळातली बिलं कोण जपून ठेवतं? तेच नाव दुसऱ्या कुणी मागितलं तर ते ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतं आणि हरकत घ्यायला चार महिने मिळतात. ती मुदत हुकली आणि नोंद होऊन गेली, की ती रद्द करून घेण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.