सात वर्षांची रेघ

लहान मुलं असलेलं जोडपं कॅथलिक होण्याचा विचार घेऊन चर्चमध्ये गेलं की श्रद्धेच्या गप्पा जरा उशिराच सुरू होतात. फादर आधी विचारतात: बाप्तिस्मा झालाय का? दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालं होतं का? मुलं केवढी आहेत?

बायबलच्या 'प्रेरितांची कृत्ये' या पुस्तकातला फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी रातोरात घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला. पुढे तान्ह्यांचा बाप्तिस्मा सर्रास होऊ लागला आणि प्रौढांना टप्प्याटप्प्याने तयार करण्याची रीत विसरली गेली. १९६३ साली ती पुन्हा सुरू करायचं ठरलं, १९७२ मध्ये तिचा विधी प्रसिद्ध झाला. प्रोटेस्टंट घरात झालेला बाप्तिस्मा सहसा ग्राह्य असतो, तो पुन्हा होत नाही. त्यांच्या बाबतीत 'धर्मांतर' हा शब्दही चुकीचाच.

खरा गुंता मुलांच्या वयाचा. समज आलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा पापांची कबुली द्यावी आणि ईस्टरला कम्युनियन (ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी भाकर) घ्यावं, असं चर्चच्या १२१५ च्या परिषदेने ठरवलं. समज कितव्या वर्षी येते हे मात्र सांगितलं नाही. त्यामुळे पहिलं कम्युनियन कुठे बाराव्या, कुठे चौदाव्या वर्षापर्यंत लांबलं. रोमच्या १९१० च्या फर्मानाने ते साधारण सातव्या वर्षावर आणलं. चांगलंच केलं, पण दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करणारा संस्कार, बऱ्याच ठिकाणी मागेच राहिलं. बाप्तिस्मा, दृढीकरण, मग कम्युनियन हा मूळ क्रम. त्यातले शेवटचे दोन उलटे झाले ते झालेच.

चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेनुसार सात वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला समज आहे असं धरतात आणि बाप्तिस्म्यासाठी प्रौढांचे नियम लावतात. म्हणजे आठ वर्षांच्या थोरल्याला ईस्टरच्या आदल्या रात्री, आईबाबांच्या शेजारी उभं राहून, तिन्ही संस्कार एकदम मिळायला हवेत. तीन वर्षांच्या धाकटीचा बाप्तिस्मा आईबाबांच्या शब्दावर होतो; बाकीचं पुढे यथावकाश.

इथेच अनेक ठिकाणी घोळ होतो. थोरल्याच्या वयाची जन्मजात कॅथलिक मुलं दृढीकरणासाठी आणखी काही वर्षं थांबणार असतात, म्हणून 'याचंही त्यांच्याबरोबरच होऊ दे' असं सांगितलं जातं. नियमात असं काही नाही. अशा मुलाला बाप्तिस्मा देणाऱ्या फादरांना दृढीकरणाचा अधिकार कायद्यानेच मिळतो आणि तो त्यांनी वापरायचा असतो. वर्गातली मुलं थांबली आहेत म्हणून यानेही थांबायचं, हे सोयीचं आहे, त्यापलीकडे काही नाही.

लग्नाचं त्या मानाने सोपं. दोघंही कॅथलिक नसताना झालेलं लग्न सहसा वैध धरलं जातं, पुन्हा लावावं लागत नाही. आधीचा जोडीदार हयात असेल तर मात्र त्या पहिल्या लग्नाची चौकशी होते. २०१५ पर्यंत ते लग्न मुळातच वैध नव्हतं हे ठरायला एकसारखे दोन निकाल लागत, आता एक पुरतो. तरीही वेळ जातोच. धाकटीला मात्र थांबावं लागेलच असं नाही. आई किंवा वडील, एकाची संमती आणि ती त्या श्रद्धेत वाढेल अशी सकारण आशा, एवढ्यावर तिचा बाप्तिस्मा होऊ शकतो. मग घरातली पहिली कॅथलिक तीच ठरते आणि आईबाबा मागच्या बाकावर बसून आपली फाइल सरकण्याची वाट पाहतात.