गल्लीत पेव्हिंग ब्लॉक बसले म्हणून घर मंजूर होत नाही

"गटार झालं, फरशी बी बसली. आता आमचं नाव घराच्या यादीत कवा येतंय, तेवढं बघ की रं."

अर्ज भरायच्या माझ्या टेबलासमोर बसत मावशींनी प्लॅस्टिकची पिशवी उघडली. तिला दोन रबर गुंडाळलेले. आत घरफाळ्याच्या पावत्या, लाइट बिलं, रेशन कार्ड. त्यांच्या गल्लीच्या तोंडाला कामाचा बोर्ड लागला होता, 'झोपडपट्टी सुधारणा' असा. मावशींनी त्याचा सरळ अर्थ लावला: झोपडपट्टी सुधारणार म्हणजे झोपडी जाऊन घर येणार. चूक त्यांची नाही. शब्दच तसा आहे. हा घोटाळा कोल्हापुरात फक्त वस्तीतल्या माणसांचा होतो असंही नाही, चांगले शिकलेले लोकही 'वस्ती सुधारणा' आणि 'घरकुल' एकाच दमात बोलतात.

सुधारणा होते ती वस्तीची. घरकुल मिळतं ते कुटुंबाला. पहिलीचा लाभ घ्यायला तुम्ही काही करावं लागत नाही, तुमच्या दारातनं गटार गेलं की झालात लाभार्थी. दुसऱ्यासाठी तुमचं नाव, तुमचा आधार, तुमच्या पायाखालची जमीन, सगळं कागदावर लागतं.

आपल्याकडच्या १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या नावातच सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकास असे तीन वेगळे शब्द आहेत. सुधारणेत काय येतं तेही कायदा सांगतो: पाण्याची लाइन, गटारं, संडास-मुताऱ्या, सार्वजनिक नळ, गल्ल्यांची रुंदी आणि फरशी, दिवाबत्ती, भराव. या यादीत कुणाला घरकुल बांधून देणं नाही.

मग 'घोषित झोपडपट्टी' म्हणजे काय? कायद्याच्या कलम ४ खाली एखादी वस्ती घोषित झाली, की तिथं सुधारणेची कामं करायला आधार मिळतो, आणि सक्षम प्राधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथल्या माणसाला सहजासहजी बाहेर काढता येत नाही. हे संरक्षण लहान नाही, रात्री नीट झोप लागते त्याच्यावर. पण घोषित म्हणजे नियमित नव्हे. तुम्हाला हलवणं अवघड झालं एवढंच, जमीन तुमची झाली नाही.

इथं कोल्हापूरकर हमखास घरफाळ्याची पावती पुढं करतो. "तीस वर्षं फाळा भरतोय, मग घर माझं नाही तर कुणाचं?" प्रश्न रास्त वाटतो. पण घरफाळा हा कर आहे, मालकीचा दाखला नाही. विनापरवाना बांधकामावरही महापालिका कर आणि वर शास्ती, म्हणजे दंड, लावू शकते, आणि तो वसूल केला म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजू नये, हे महापालिका अधिनियमातच लिहिलंय. मालकी बघायची तर सिटी सर्व्हे ऑफिसात. तिथली मिळकत पत्रिका, म्हणजे आपलं प्रॉपर्टी कार्ड, त्यावर धारक म्हणून कुणाचं नाव आहे ते बघायचं. बऱ्याचदा तिथं सरकारचं, महापालिकेचं नाही तर एखाद्या खासगी मालकाचं नाव निघतं. घरकुलाचा गाडा अडतो तो इथं.

कारण घरकुलाचा जो प्रकार आपल्याकडं लोकांच्या ओळखीचा आहे, तो स्वतःच्या जागेवर स्वतः बांधायचा. २५ जून २०१५ ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळत आले. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत, देशात कुठंही पक्कं घर नको. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात आणखी एक अट आहे, गेल्या वीस वर्षांत दुसऱ्या कुठल्या घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. आणि पैसे एकदम हातात पडत नाहीत. पाया झाला की फोटो, लिंटेल झालं की फोटो, स्लॅब पडला की फोटो, तोही जागेच्या अक्षांश-रेखांशासह. मग हप्ता खात्यात. मधल्या काळात गवंडी थांबत नाही, सिमेंटवाला तर मुळीच थांबत नाही. म्हणून पाया भरून, सळ्या वर काढून तसंच राहिलेलं घर दिसलं, की ओळखायचं: मंजुरी आहे, उसनवारी संपली आहे.

मुंबईचा पाहुणा आला की तिसराच गोंधळ घालून जातो. "आमच्याकडं फुकट फ्लॅट देतात." ते पुनर्वसन. झोपड्या पाडायच्या, बिल्डरनं त्याच जागेवर इमारत बांधून जुन्यांना घरं द्यायची आणि उरलेली विकून खर्च काढायचा. तिथल्या जागेला सोन्याचा भाव आहे म्हणून तो हिशेब बसतो. आपल्या गल्लीच्या भावात बसेलच असं नाही, इतकं सांगून मी तो विषय मिटवतो.

शहराची प्रगती वाचताना तर या दोन गोष्टी वेगळ्या धरायलाच हव्यात. सुधारणेची प्रगती मीटरमध्ये मोजतात: इतकं गटार, इतकी फरशी, इतके दिवे. ठेकेदार नेटाचा असला तर महिन्या-दोन महिन्यांत काम 'शंभर टक्के पूर्ण'. घरकुलाला तीन आकडे असतात, मंजूर, सुरू आणि पूर्ण, आणि भाषणात बहुतेक वेळा पहिलाच येतो. देशाचंच बघा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या टप्प्याला मान्यता मिळाली तेव्हा पहिल्या टप्प्यातली मंजूर शहरी घरं होती १ कोटी १८ लाख, आणि बांधून ताब्यात दिलेली साडेपंच्याऐंशी लाखांहून थोडी जास्त. मधली बत्तीसेक लाख घरं कुठंतरी पायावर, लिंटेलवर नाहीतर फायलीत. एखाद्या वस्तीत सुधारणा पूर्ण आणि घरकुल शून्य, असं होऊ शकतं. दोन्ही आकडे खरे असतात.

हद्दीचीही एक गंमत आहे. कोल्हापूरची महापालिका १९७२ ची, आणि हद्दवाढीचं गुऱ्हाळ वर्षानुवर्षं चाललेलं. कळंबा, पाचगाव, उचगाव शहराला चिकटलेली, पण कारभार ग्रामपंचायतीचा. तिथल्या माणसाला आवास योजनेचा ग्रामीण भाग लागू, त्याची रक्कम वेगळी, यादी वेगळी, ऑफिस वेगळं. शहरातल्या राजारामपुरीत राहणाऱ्या भावाचा फॉर्म बघून पाचगावच्या भावानं अर्ज भरला, तर तो परत येणारच.

आणि शहराच्या कडेनं वाहणारी पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका. नदीकाठच्या सुतारवाड्यातली कुटुंबं तर चित्रदुर्ग मठात हलायची जणू सवयच लावून बसलीत. अशा नदीकाठच्या वस्तीत गटार दुरुस्त होतं, दिवा लागतो, कारण माणसं राहतात तिथं सोय द्यावीच लागते. पण निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीच्या पुराची सरकारनं आखलेली आतली हद्द, तिच्या आत नव्या बांधकामाला परवानगी नसते. म्हणजे वस्ती सुधारत राहणार आणि घर मात्र त्या जागी मंजूर होणार नाही. २०१९ आणि २०२१ चे दोन महापूर बघितलेल्या माणसाला यातलं कारण समजावून सांगावं लागत नाही, जायचं कुठं हे मात्र कुणीतरी सांगावं लागतं.

एवढं सगळं मावशींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग म्हणाल्या, "आणि पाणी?" मी विचारलं, कसलं पाणी. तेव्हा कळलं. त्यांच्या गल्लीत तीनदा फरशी झाली. दर वेळी जुन्यावरच नवं घातलं, गल्ली इंचाइंचानं चढत गेली आणि त्यांचा उंबरा खाली राहिला. आता वळवाचा पाऊस पडला तरी पाणी थेट चुलीपर्यंत. सुधारणा झाली ती गल्लीची, घर बसलं खड्ड्यात.

मग आम्ही पिशवीतल्या पावत्या तारखेनं लावल्या. मालकीला त्या उपयोगाच्या नाहीत, पण कधीपासून राहताय हे दाखवायला आहेत. सरकारी जागेवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती अतिक्रमणं नियमित करायचं धोरण राज्यानं २०१८ मध्ये घरकुलासाठीच आणलं. सगळ्यात खाली २००४ ची पावती निघाली, घडीवर फाटलेली. जागा सरकारची आहे की खासगी, ते सिटी सर्व्हेत बघून यायला सांगितलं. तोवर घरकुलाचा अर्ज ठेवला बाजूला आणि पाण्याचा लिहिला. तो मावशींच्या एकटीच्या नावानं देऊन भागणार नव्हतं. गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्या घ्यायला त्या संध्याकाळी कागद घेऊन गेल्या.