निराधार, श्रावणबाळ, रेशन : सरकारी मदतीच्या अर्जात आधार क्रमांक कुठे लागतो आणि कुठे अडतो

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज मंजूर होतो, यादीत नाव येते, पण खात्यात पैसे येत नाहीत. तहसीलमध्ये सांगतात, ‘आमच्याकडून पाठवले.’ बँकेत सांगतात, ‘तुमचे आधार लिंक आहे.’ बहुतेक वेळा दोघेही खरेच बोलत असतात. गोंधळ होतो तो तीन वेगळ्या गोष्टींना एकच समजल्यामुळे. आधार क्रमांक असणे ही एक गोष्ट. तो क्रमांक आणि तुमचे नाव, जन्मतारीख किंवा अंगठा एकमेकांशी जुळणे ही दुसरी. आणि सरकारी पैसे कोणत्या बँकेत जावेत याची नोंद त्या क्रमांकासमोर असणे ही तिसरी. अर्ज कुठे अडला आहे हे शोधताना आधी यातले नेमके काय अडले ते ठरवावे. नाहीतर नाव दुरुस्त करण्यासाठी बँकेत आणि बँक बदलण्यासाठी आधार केंद्रावर हेलपाटे सुरू होतात.

कायदा काय म्हणतो

सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या अनुदानासाठी किंवा लाभासाठी आधार मागता येते, असे २०१६ च्या आधार कायद्याचे कलम ७ सांगते. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. मात्र ज्याला अजून क्रमांक मिळालेला नाही, त्याला ओळखीचा दुसरा व्यवहार्य पर्याय द्यावा, असेही त्याच कलमात लिहिले आहे. नोंदणीसाठी अर्ज केला असेल तर ती पोचपावती आणि दुसरे ओळखपत्र दाखवून लाभासाठी अर्ज करता येतो. त्यामुळे ‘आधार नाही, अर्ज घेत नाही’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. ‘आधारसाठी नोंदणी करून पावती आणा’ हे बसते. मुलांच्या बाबतीत न्यायालय आणखी स्पष्ट आहे : आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येत नाही.

पोचपावतीवर १४ अंकी नोंदणी क्रमांक आणि त्यापुढे नोंदणीची तारीख-वेळ असे एकूण २८ अंक असतात. अर्जात हे सगळे अंक लिहावे लागतात, कारण फक्त पहिल्या १४ अंकांवरून शोध लागत नाही. पावतीची छपाई काही महिन्यांत पुसट होते, तेव्हा त्याच दिवशी फोटो काढून ठेवावा.

आधार ही अधिवासाची किंवा नागरिकत्वाची साक्ष नाही, हे कलम ९ मध्येच आहे. म्हणून १५ वर्षे महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागितला जातो तेव्हा आधारवरचा पत्ता पुरत नाही. तिथे अधिवास दाखला, जुनी शिधापत्रिका किंवा मतदार यादीतली जुनी नोंद लागते.

क्रमांकच नसेल तर

नोंदणी मोफत आहे. अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत भारतात किमान १८२ दिवस राहिलेल्या कोणालाही ती करता येते. लहान मुलांची नोंदणी लवकर होते. प्रौढांच्या नव्या नोंदणीची राज्य शासनाकडून पडताळणी होत असल्याने तिला वेळ लागतो. योजनेची मुदत जवळ आली असेल तर आधारची वाट पाहत बसू नये, पावतीवरच अर्ज द्यावा.

घरात नावाचा एकही कागद नसलेल्या म्हाताऱ्या माणसाची अडचण खरी असते. अशा वेळी सरपंच, नगरसेवक, आमदार किंवा राजपत्रित अधिकारी यांचे फोटोसह प्रमाणपत्र चालते. ते आधार प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यातच हवे. लेटरहेडवर ‘यांना मी ओळखतो’ असे लिहून आणलेला कागद केंद्रावरून परत येतो.

पाच वर्षांखालच्या मुलाचे ठसे घेत नाहीत. जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांचे आधार यांवर निळ्या रंगाचे बाल आधार मिळते. पाचव्या आणि पंधराव्या वर्षानंतर ठसे व डोळे द्यावे लागतात. हे राहून गेले की पडताळणी होत नाही आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला किंवा रेशनच्या ई-केवायसीला (आधारवरून होणाऱ्या ओळख-पडताळणीला) मुलाचे नाव अडते.

नाव : सर्वाधिक अर्ज इथे परत येतात

मराठी नावात तीन भाग असतात आणि त्यांचा क्रम प्रत्येक कागदावर वेगळा असतो. शिधापत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव गाळलेले. माणसाला तिन्ही एकच वाटतात, संगणकाला वाटत नाहीत. म्हणून अर्जात नाव आधारवर जसे इंग्रजीत छापले आहे तसेच, त्याच क्रमाने आणि त्याच अक्षरांनी भरावे, मग ते चुकीचे का दिसेना. आधारवर नाव दोन लिप्यांत असते आणि पोर्टलवर बहुतेक वेळा इंग्रजी नाव ताडले जाते. मराठी नाव पाहून ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्यांचे अर्ज इंग्रजीतल्या एका जादा अक्षराने अडतात.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचा प्रश्न यापेक्षा मोठा. आधार माहेरच्या नावाचे, शिधापत्रिका सासरच्या नावाची. सेतू केंद्रात ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र करून देतात. छाननीला बसलेला कारकून ते वाचतो, संगणक वाचत नाही. पक्का उपाय म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला जोडून आधारवरचे नाव बदलणे. लग्न जुने असले तरी नोंदणी विलंब शुल्क भरून करता येते. गावात ग्रामसेवकाकडे, शहरात पालिकेकडे. पूर्ण नावच बदलायचे असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी लागते.

आधारवर नाव आयुष्यात दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. केंद्रचालकाने घाईत एक अक्षर चुकवले तरी एक संधी खर्ची पडते. सही करण्याआधी पडद्यावरचे नाव स्वतः वाचावे, वाचता येत नसेल तर घरातल्या कोणाला बरोबर न्यावे. १ ऑक्टोबर २०२५ पासून नाव-पत्त्यासारख्या दुरुस्तीला ७५ रुपये आणि ठशांच्या अद्ययावतीकरणाला १२५ रुपये शुल्क आहे. जास्त मागितले तर पावती मागावी.

जन्मतारखेचे दुखणे ज्येष्ठांचे. नोंदणीच्या वेळी कागद नव्हता, अंदाजाने साल सांगितले आणि आधारवर १ जानेवारी छापले गेले. ज्येष्ठांच्या श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षे पूर्ण हवीत आणि आधारवर ६१ दिसतात. वयाच्या पुराव्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला, मतदार यादीतल्या किंवा शिधापत्रिकेवरच्या वयाचा उतारा, अथवा ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा वयाचा दाखला चालतो. आधार हा जन्मतारखेचा निर्णायक पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका भरपाईच्या प्रकरणात सांगितले आणि शाळेच्या दाखल्यावरची तारीख धरली. तरी दोन कागदांवर दोन वये असली की त्रुटी निघतेच. शाळेचा दाखला मिळण्यासारखा असेल तर आधी आधारवरची तारीख सुधारावी, मग अर्ज द्यावा.

पैसे कोणत्या खात्यात जातात

थेट लाभाचे (डीबीटीचे) पैसे अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जातील असे गृहीत धरू नये. आधारवर आधारलेल्या हस्तांतरणात राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदवहीत तुमच्या आधार क्रमांकासमोर ज्या बँकेचे नाव आहे, तिकडे रक्कम जाते. या नोंदवहीला मॅपर म्हणतात. त्यात खाते क्रमांक नसतो, फक्त बँक असते, आणि एका आधारसमोर एकच बँक. त्या बँकेत तुमची दोन खाती असतील तर कोणत्या खात्यात जमा करायचे ते बँक आपल्या नोंदीवरून ठरवते.

‘आधार लिंक आहे’ या वाक्याचा घोळ इथे आहे. केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली की बँकेच्या दृष्टीने आधार लिंक झाले. लाभ मिळवण्यासाठी मात्र मॅपरमध्ये नोंद, म्हणजे आधार सीडिंग, व्हायला हवे आणि त्यासाठी वेगळा संमती अर्ज द्यावा लागतो. शाखेत ‘लिंक आहे का’ असे विचारू नये, ‘डीबीटीसाठी सीडिंग आमच्या बँकेकडे सुरू आहे का’ असे विचारावे.

ही नोंद घरी बसूनही पाहता येते. माय आधार संकेतस्थळावर ओटीपीने प्रवेश करून बँक सीडिंगची स्थिती उघडली की बँकेचे नाव, नोंद सुरू आहे की बंद आणि शेवटचा बदल कधी झाला ते दिसते. पैसे ‘हरवले’ म्हणून तक्रार करण्याआधी हे पाहावे. लाडकी बहीण योजनेत अनेकींचे १,५०० रुपये विसरलेल्या जुन्या खात्यात सापडले ते यामुळेच. उलटही घडते : नवे खाते उघडताना संमतीच्या चौकटीत खूण केली जाते आणि निराधारचे पैसे गुपचूप त्या नव्या बँकेकडे वळतात.

सीडिंग बरोबर असूनही रक्कम परत जाण्याची आणखी दोन कारणे. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार न केल्यामुळे खाते निष्क्रिय झालेले असणे, किंवा पूर्ण केवायसी नसलेले लहान खाते असणे. लहान खात्यात शिल्लक ५०,००० रुपयांच्या आणि वर्षभरातली जमा १ लाख रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. विम्यासारखी मोठी रक्कम आली की मर्यादा ओलांडते आणि पुढचा हप्ता अडू शकतो.

अंगठा लागत नाही तेव्हा

शेतात, बांधकामावर, धुण्याभांड्यांत राबलेल्या हातांच्या रेषा झिजतात. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर नकार आला की ‘आधार बंद पडले’ असे सांगितले जाते, पण नकाराची कारणे वेगवेगळी असतात आणि यंत्र ती आकड्यात सांगते. दुकानदाराला तो आकडा विचारावा. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे तुम्ही किंवा घरातल्या कोणी सुरक्षेसाठी ठसे लॉक केले आहेत. आधार अॅपवरून उघडले की काम होते. १०० म्हणजे नाव-जन्मतारखेसारखी माहिती जुळत नाही. ९९७ म्हणजे आधार निलंबित आहे, तेव्हा केंद्रावर जाण्यावाचून इलाज नाही.

३०० आला तर हात धुऊन, कोरडे करून दुसरी बोटे लावून पाहावीत. दहापैकी एखादे बोट चांगले निघते. डोळ्याच्या बुबुळाने किंवा चेहऱ्याने पडताळणीचाही मार्ग आहे आणि ई-केवायसीसाठी चेहऱ्याचे अॅप मोबाइलवर चालते. मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला असला तर बरीच कामे ओटीपीवर भागतात. तो जोडायला केंद्रावर कोणतेही कागदपत्र लागत नाही आणि घरातल्या अनेकांना एकच क्रमांक चालतो. घरातल्या म्हाताऱ्यांसाठी करण्यासारखे पहिले काम हेच.

रेशनमध्ये प्रत्येक सदस्याची ई-केवायसी वेगळी होते. कुटुंबप्रमुखाचा अंगठा लागला म्हणजे सगळ्यांचे झाले असे नाही. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य असल्याने एक नाव अडले की तेवढे कमी होते; अंत्योदय कार्डावर कार्डामागे ३५ किलो असते. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक, आणि लेखी तक्रार अन्न सुरक्षा कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे.

आधारशिवाय लागणारे इतर क्रमांक

शिधापत्रिकेचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक जुन्या पुस्तकावर छापलेल्या क्रमांकापेक्षा वेगळा असतो. अर्जात ऑनलाइन क्रमांक भरावा. अपंगत्वासाठी साध्या प्रमाणपत्राऐवजी आता यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) १८ अक्षरी-अंकी क्रमांक मागतात. शेतीच्या योजनांना महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक आहे. तो सातबाऱ्याला जोडलेला असतो, म्हणून वडिलांच्या नावावरची जमीन अजून वारसाच्या नावावर झाली नसेल तर मुलाला तो मिळत नाही, आधी फेरफार.

निराधार आणि श्रावणबाळचा अर्ज

संजय गांधी निराधार योजना ६५ वर्षांखालील निराधार, विधवा, दिव्यांग, दुर्धर आजारी अशांसाठी आणि श्रावणबाळ ६५ पूर्ण झालेल्यांसाठी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत हवे. दिव्यांगांसाठी मर्यादा ५०,००० आहे आणि अपंगत्व किमान ४० टक्के लागते. मदत महिना १,५०० रुपये, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००.

अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतू केंद्रातून जातो. सोबत आधार, बँक पासबुकचे पहिले पान, शिधापत्रिका, रहिवास, वयाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि प्रकारानुसार पतीचा मृत्यू दाखला किंवा यूडीआयडी कार्ड. क्रम मात्र उलटा धरावा. आधी आधारवरचे नाव आणि वय, मग त्याच नावाने सीडिंग, मग त्याच नावाने उत्पन्नाचा दाखला, शेवटी अर्ज. उत्पन्नाचा दाखला आधी काढला आणि नंतर आधारवरचे नाव बदलले की दाखला पुन्हा काढावा लागतो. अर्ज दिल्याची तारीख आणि शिक्का असलेली पोच घ्यावी. अर्ज घ्यायलाच नकार मिळाला तर त्याचे कारण लेखी मागावे. तोंडी नकारावर अपील करता येत नाही, आणि लेखी मागितले की पुष्कळदा अर्ज घेतला जातो.

मंजुरीनंतर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो; तो चुकला तरी पैसे थांबतात आणि लोक पुन्हा बँकेत आधार तपासत बसतात. आधारबद्दलच्या चौकशीसाठी १९४७ हा क्रमांक आहे. त्यावर कोणी ओटीपी मागत नाही. ओटीपी मागणारा फोन आला तर तो बंद करावा, समोरचा तहसीलमधून बोलतोय असे म्हणत असला तरी.