पंतप्रधान आवास योजना (शहरी) २.०: नाशिकमध्ये अर्ज नेमका कुठे अडतो

लोकसभेत शहरी घरांवर प्रश्न विचारला गेला की दुसऱ्या दिवशी पेपरात लाखांतला आकडा येतो. मग तेच कात्रण हातात घेऊन माणसं शरणपूर रोडला महापालिकेच्या राजीव गांधी भवनात जातात आणि विचारतात, "साहेब, घरं मंजूर झालीत म्हणे, आमचं कोणतं?" खिडकीतला माणूस वैतागतो, विचारणारा हिरमुसतो. चूक दोघांचीही नसते. सरकारने लोकसभेत दिलेलं ते उत्तर कसं वाचायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं.

केंद्रात गृहनिर्माण व शहरी व्यवहार आणि ऊर्जा ही दोन्ही खाती जून २०२४ पासून मनोहर लाल यांच्याकडे आहेत. त्यामुळे घरं, मेट्रो, स्मार्ट मीटर, सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यांच्याच खात्यांकडून येतात. घरांबद्दलच्या उत्तरांची सुरुवात बहुतेक वेळा एकाच वाक्याने होते: जमीन आणि वसाहत हे राज्यांचे विषय आहेत. हे वाक्य लोक सोडून देतात आणि खालचा आकडा वाचतात. खरं तर आपल्या कामाचं तेवढंच वाक्य असतं. लाभार्थी कोण हे दिल्ली ठरवत नाही. नावं महापालिका गोळा करते, राज्य तपासून प्रस्ताव पाठवतं (महाराष्ट्रात हे काम म्हाडाकडे आहे) आणि केंद्राची समिती त्या प्रस्तावाला मंजुरी देते. उत्तरातले 'मंजूर', 'काम सुरू' आणि 'पूर्ण' हे तीन आकडे वेगवेगळे असतात, आणि बातमीच्या मथळ्यात बहुतेकदा पहिलाच, सगळ्यात मोठा, आकडा येतो. जाहीर होणं आणि उभं राहणं यातलं अंतर नाशिककरांना वेगळं सांगायला नको. २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले होते. द्वारका चौकात मेट्रोचा खांब दिसतो का बघा.

असो. आता अर्जाकडे वळू.

योजना कोणती, आणि कोणती नाही

चालू योजना म्हणजे २.०. ती १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे. जुनी योजना २५ जून २०१५ ला सुरू झाली होती. तिच्यात आधीच मंजूर झालेली घरं पूर्ण करायला ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदतवाढ दिली गेली, आणि तीच तारीख "अर्जाची शेवटची तारीख" म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरत राहिली. त्या धास्तीने लोकांनी एजंटला पैसे देऊन अर्धवट कागदांवर अर्ज भरले, आणि तेच अर्ज आता त्रुटीत पडले आहेत. ग्रामीण योजनेच्या सर्वेक्षणाची मुदतही वेगळी होती. तिचा शहरातल्या माणसाशी काही संबंध नाही.

दुसरा गैरसमज २ लाख ६७ हजारांचा. ते जुन्या योजनेतलं गृहकर्जावरचं व्याज अनुदान होतं, आणि आर्थिक दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ते ३१ मार्च २०२२ ला बंद झालं. काही बिल्डरांच्या माहितीपत्रकांवर हा आकडा अजून दिसतो. बुकिंग करताना कुणी तो सांगितला तर लेखी मागा, पुढचं बोलणं लगेच आखूड होतं.

२.० मध्ये चार वाटा आहेत. स्वतःच्या जागेवर घर बांधायचं, महापालिका, म्हाडा किंवा खासगी विकासकाच्या प्रकल्पात घर घ्यायचं, परवडणाऱ्या भाड्याच्या घरात राहायचं, किंवा कर्ज काढून व्याज अनुदान घ्यायचं. पहिल्या दोन वाटा वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्यांसाठीच आहेत. महाराष्ट्रात त्यांना केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळतात. अडीच लाखांत घर मिळतं असा याचा अर्थ नाही. प्रकल्पातल्या घराची उरलेली किंमत तुम्हालाच भरायची असते, आणि स्वतःच्या जागेवर बांधत असाल तर वरचा खर्चही तुमचाच.

उत्पन्न

गट तीन: ३ लाखांपर्यंत, ३ ते ६ लाख, ६ ते ९ लाख. हे उत्पन्न कुटुंबाचं, अर्जदाराचं एकट्याचं नव्हे. नवरा अंबडला कंपनीत आणि बायको सातपूरला पॅकिंगला असेल तर दोघांचं धरायचं. दाखला तहसीलदारांचा घ्या. केशरी रेशनकार्ड हा उत्पन्नाचा पुरावा नाही, कितीही जुनं असलं तरी.

आणखी एक गोष्ट. मुलांच्या फी सवलतीसाठी काढलेला ७० हजारांचा दाखला एका हातात आणि गाडीच्या कर्जासाठी भरलेलं ४ लाखांचं आयकर विवरणपत्र दुसऱ्या हातात, असे अर्ज येतात. दोन्हींवर तोच पॅन, तोच आधार. असा अर्ज पुढे जाईल अशी आशा धरू नका. खरं उत्पन्न लिहा. ३ लाखांच्या वर गेलात तरी कर्जाची वाट ९ लाखांपर्यंत मोकळी आहे.

म्हाडाच्या सोडतीच्या जाहिरातीतली उत्पन्न मर्यादा वेगळी असते. ती या अर्जाला लावू नका.

तहसीलमध्ये उत्पन्न, जात किंवा रहिवासाच्या दाखल्यासाठी जोडायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, आणि ही माफी २००४ पासूनची आहे. बाहेर टेबल टाकून बसलेला माणूस ५०० चा स्टॅम्प लागेल म्हणाला तर त्याला नम्रपणे नको म्हणा. आत कुणी तसंच म्हणालं तर नियम लेखी मागा.

'पक्कं घर नाही' या अटीत नेमकं काय येतं

अट अशी: कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर भारतात कुठेही पक्कं घर नसावं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलंमुली. आईवडील त्यात येत नाहीत. म्हणून वडिलांच्या नावावर सिडकोत घर आहे आणि लग्न झालेला मुलगा त्यांच्याबरोबर राहतो, एवढ्यावरून तो अपात्र ठरत नाही. उलट गोष्ट मात्र खूप जणांना भोवते. वडील गेले, वारसनोंद झाली आणि मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) चार भावंडांची नावं लागली, की त्या घरात तुमचाही हिस्सा आला. अर्जात "घर नाही" लिहिताना आधी तो उतारा काढून बघा.

दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडून शहरात आलेल्यांची अडचण वेगळी. गावाकडे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, घर लागलेलं असतं, कधी बायकोच्या नावावर, आणि ते लक्षातही नसतं. शिवाय मागच्या २० वर्षांत केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेच्या कोणत्याही घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. यात गावाकडचं इंदिरा आवास, रमाई, शबरी सगळं आलं. अर्जावरच्या आधार क्रमांकांवरून ही छाननी होते, तेव्हा "ते गावचं होतं" हे उत्तर चालत नाही.

जुन्या योजनेत ज्यांचं घर मंजूर होऊन ३१ डिसेंबर २०२३ नंतर केंद्राच्या समितीने रद्द केलं, त्यांना २.० मध्ये घर मिळत नाही. बांधकाम सुरू न केल्यामुळे ज्यांची नावं गळली, त्यांनी पुन्हा अर्ज करण्याआधी आपलं नाव कोणत्या तारखेला वगळलं हे विचारून घ्यावं. हे कोणी आपणहून सांगत नाही.

जागेचा कागद, जो कुणाकडेच नसतो

स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्यांचे अर्ज सगळ्यात जास्त इथेच अडकतात.

घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, आणि लाइट बिल तर नव्हेच. विजेचं बिल तीस वर्षं तुमच्या नावाने येत असलं तरी त्यावरून वीज कोण वापरतो एवढंच कळतं. लागतं ते मिळकत पत्रिका, सातबारा, नोंदणीकृत खरेदीखत किंवा सरकारी पट्टा यांपैकी काही. नाशिकमध्ये हे का नसतं याची कारणंही वेगवेगळी.

जुन्या नाशकात, भद्रकालीत, पंचवटीत वाड्याची मिळकत पत्रिका आजोबांच्या नावावर असते. वारस वीस, त्यातले चार पुण्यात आणि एक दुबईत. अशा ठिकाणी आधी नगर भूमापन कार्यालयात वारसनोंद, मग इतर हिस्सेदारांची संमती. हे काम महिन्याभरात होत नाही. घरकुलाचा अर्ज भरायच्या आधी सुरू करा, नंतर नाही.

शहराच्या कडेला, पाथर्डी, म्हसरूळ, आडगाव, चेहेडीकडे, एक गुंठा नोटरीवर घेतलेला असतो. शंभराच्या स्टॅम्पवर सह्या, दोन साक्षीदार, आणि सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचंच नाव. या कागदावर अनुदान मिळत नाही. घेताना स्वस्त पडलं, त्याची किंमत इथे मोजावी लागते. एजंट "चालून जाईल" म्हणतो, कारण त्याचे पैसे अर्ज भरल्यावर मिळतात, मंजूर झाल्यावर नव्हे.

झोपडपट्टीत राहणाऱ्यांकडे फोटोपास असतो. तो वास्तव्याचा पुरावा आहे, जमिनीच्या मालकीचा नाही. जागा महापालिकेची किंवा सरकारची असेल आणि पट्टा मिळालेला नसेल, तर स्वतःच्या जागेवरच्या वाटेने अर्जच करू नका. प्रकल्पातल्या घराची वाट निवडा. चुकीची वाट निवडली म्हणून पात्र माणसाचा अर्ज परत येतो, हे बघून खरंच वाईट वाटतं.

आणि पूररेषा. २००८ च्या पुरानंतर गोदावरीकाठी निळी आणि लाल रेषा आखल्या गेल्या. तुमची जागा निळ्या रेषेच्या आत असेल तर मालकी कितीही चोख असो, बांधकाम परवानगीचं अवघड होऊन बसतं. नगररचना विभागात आधी हे विचारा, पैसे नंतर खर्च करा.

बाकीचे कागद

अर्जदार आणि कुटुंबातल्या सगळ्यांचे आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं, लागू असेल तर जातीचा दाखला. मोबाइल आधारशी जोडलेला हवा, ओटीपी त्यावरच येतो. नावातला फरक, म्हणजे आधारवर सासरचं आडनाव आणि पासबुकावर माहेरचं, आधी दुरुस्त करून घ्या. खातं आधारशी 'लिंक' असणं आणि अनुदान जमा होण्यासाठी 'सीडिंग' झालेलं असणं या दोन गोष्टी आहेत. बँकेत जाऊन दुसरी विचारा. लाडकी बहीणमुळे पुष्कळ बायकांचं हे काम झालेलं आहे, आणि घर स्त्रीच्या नावावर किंवा नवराबायको दोघांच्या नावावर असावं ही अट आहेच. घरात सज्ञान स्त्री नसेल तरच एकट्या पुरुषाच्या नावावर. तेव्हा अर्ज तिच्या नावाने करणं दोन्ही बाजूंनी सोयीचं.

अर्ज केंद्राच्या पोर्टलवर स्वतः भरता येतो, किंवा महापालिकेत जाऊन. आधी पात्रतेचे प्रश्न, मग आधार, मग माहिती, मग कागद पीडीएफमध्ये. अर्ज क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. पत्ता देवळाली कॅम्पचा असेल तर तिथे छावणी परिषद आहे, महापालिका नव्हे. त्यासाठी शरणपूर रोडपर्यंत येऊ नका.

विधवा, एकट्या स्त्रिया, दिव्यांग, ज्येष्ठ, सफाई कामगार, फेरीवाले, बांधकाम मजूर, अंगणवाडी सेविका यांना प्राधान्य आहे. त्याचा कागद असेल तर जोडा, तोंडी सांगून उपयोग नाही.

कर्जाची वाट

उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. पहिल्या ८ लाखांवर, १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीला ४ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. ते एकदम मिळत नाही, पाच वार्षिक हप्त्यांत येतं. हप्ता येतेवेळी कर्ज चालू असावं आणि मुद्दल निम्म्याहून जास्त बाकी असावं लागतं. म्हणून गावाकडची जमीन विकून दुसऱ्या वर्षी कर्ज फेडून टाकलंत तर पुढचे हप्ते गेले. कर्ज १ सप्टेंबर २०२४ नंतरचंच हवं. हा अर्ज बँकेमार्फत सरकतो. शाखेतल्या माणसाने "योजना बंद झाली" सांगितलं तर तो बहुधा जुन्या योजनेबद्दल बोलतोय. २.० म्हणून स्पष्ट विचारा.

नाकारला तर

कारण लेखी घ्या. "साहेब म्हणाले होत नाही" हे कारण नाही. पात्रता, कागद की चुकलेली वाट, यांपैकी काय ते कळल्याशिवाय पुन्हा अर्ज केलात तर तोच दगड पुन्हा पायाखाली येईल. लेखी मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. अर्जात लांबलचक गाऱ्हाणं लिहू नका, तीनच गोष्टी मागा: माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीची प्रत, नाकारला असल्यास त्याच्या टिपणीची प्रत, आणि माझं नाव राज्याकडे पाठवलेल्या यादीत आहे का, असल्यास त्या यादीची तारीख.

खासदारांकडे निवेदन द्यायचं असेल तर जरूर द्या, पण त्यासोबत माहिती अधिकारात मिळालेलं उत्तर जोडा. प्रत्येक अर्जाचं काय झालं हे संसदेत कुणी सांगत नाही. मात्र नाशिक महापालिकेतून किती प्रस्ताव आले, किती मंजूर झाले आणि किती घरं पूर्ण झाली, हे तिथे विचारता येतं. अशा प्रश्नासाठी खासदारांना किमान पंधरा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. तेव्हा अधिवेशन सुरू व्हायच्या आधी जा.